कोण बघायलंय?

दादाने घरच्या ग्रुपवर एक ओळ टाकली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. भाचीची सोलापूर जिल्ह्याच्या फुटबॉल संघात निवड झाली होती. आईने सकाळी सकाळी हात जोडलेले, फुलांचे गुच्छ, सिद्धेश्वराचा फोटो असं सगळं पाठवलं. काकांनी 'अभिनंदन बाळा' लिहिलं. मग दादा आला. दहावीचं वर्ष आहे, म्हणाला, रोज संध्याकाळी पार्क मैदानावर दोन तास घालवून मिळणार काय? पोरींचं फुटबॉल ते. कोण बघायलंय?

त्यावर ग्रुप सुटलाच. चुलतभावाने कुठल्याशा महिला लीगच्या सामन्यातल्या रिकाम्या गॅलरीचा फोटो टाकला. दुसरा म्हणाला, असल्या लीग चालवण्यापेक्षा तो पैसा शाळांना द्यावा. आमच्या घरात एरवी कुणाचं कुणाशी पटत नाही, पण या बाबतीत सगळ्या पुरुषांचं झटकन एकमत झालं. वहिनी काहीच बोलली नाही. ती ग्रुपवर कधीच बोलत नाही.

मला राग आला त्याचं कारण तारीख आहे. त्याच्या आधी आठ दिवसही झाले नव्हते, २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या पोरींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला होता. तिकडे मध्यरात्र उलटली तरी हाच ग्रुप जागा होता. 'आपल्या पोरी', 'वाघिणी', काय काय लिहीत होते सगळे. दादाने तर गल्लीत फटाके लावल्याचा व्हिडिओ पाठवला, त्यात भाची त्याच्या खांद्याला धरून उड्या मारताना दिसत होती. आणि आठवड्याच्या आत त्याच पोरीला बाप विचारतो, कोण बघायलंय?

मी भलं मोठं उत्तर लिहिलं. दादाचं उत्तर एका ओळीत आलं: 'तिथं बसून बोलायला काय जातंय तुला.'

तेव्हा मी गप्प बसले. पण तीन आठवडे झाले, विषय डोक्यातून जात नाही. हॉस्पिटलमधून सुटल्यावर बसची वाट बघताना, दिवसभराची लांब शिफ्ट संपवून घरी आल्यावर भाकरी थापताना, मी मनातल्या मनात दादाशीच भांडत असते. म्हणून आता सगळं लिहूनच काढते.

मी इंग्लंडमध्ये प्रेस्टनला राहते, त्याला एकोणीस वर्षं झाली. हे गिरण्यांचं गाव. सोलापूरच्या माणसाला इथल्या विटांच्या जुन्या इमारती आणि रिकाम्या चिमण्या बघून परकं वाटत नाही, निदान मला तरी वाटलं नाही. पहिल्या हिवाळ्यात मी फोनवर आईला म्हणाले होते, अगं इथं सगळं मिलच्या चाळीसारखंच आहे, फक्त ऊन नाही. माझे आजोबा मिलमध्ये होते. भोंगा झाला की घर हलायचं, डबा, धोतर, सायकल. ते भोंगे आता तिकडेही वाजत नाहीत आणि इकडेही नाहीत.

गावात स्ट्रँड रोडला 'डिक, कर' नावाचा कारखाना होता. ट्राम बनवायचे तिथे. पहिल्या महायुद्धात पुरुष लढायला गेले आणि तोफगोळ्यांच्या कामाला बायका आल्या. त्या जेवणाच्या सुट्टीत अंगणात चेंडू खेळायच्या. त्यातूनच संघ उभा राहिला. १९१७ च्या नाताळच्या दिवशी त्यांनी इथल्या डीपडेल मैदानावर जखमी सैनिकांच्या मदतीसाठी सामना खेळला आणि दहा हजार माणसं आली. तीन वर्षांनी, २६ डिसेंबर १९२० ला, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर याच बायकांचा सामना बघायला त्रेपन्न हजार लोक आत होते आणि हजारो बाहेर उभे होते. लिली पार नावाची उंच, डाव्या पायाने मारणारी पोरगी त्या संघात होती, शाळकरी वयाची. जवळजवळ माझ्या भाचीएवढीच.

त्रेपन्न हजार, दादा. तेव्हा टीव्ही नव्हता, साधा रेडिओसुद्धा नव्हता.

मग काय झालं? ५ डिसेंबर १९२१ ला इथल्या फुटबॉल संघटनेने ठराव केला की हा खेळ बायकांना शोभत नाही, तेव्हा संघटनेतल्या कुठल्याही क्लबने आपलं मैदान त्यांना देऊ नये. बंदी खेळण्यावर नव्हती, मैदानावर होती. तेवढ्याने काम झालं. मोठी मैदानं गेली तशी गर्दी गेली, गर्दी गेली तशी वर्तमानपत्रं गेली. प्रेस्टनच्या बायका चिवटपणे १९६५ पर्यंत खेळत राहिल्या, कधी बागेत, कधी कुठल्या कारखान्याच्या मोकळ्या जागेत. बंदी उठायला १९७१ उजाडलं. पन्नास वर्षांत दोन पिढ्या गेल्या. आणि त्या पन्नास वर्षांत इथला प्रत्येक काका आणि प्रत्येक चुलतभाऊ पबमध्ये बसून हेच म्हणत असणार: बायकांचं फुटबॉल, कोण बघतं?

मला म्हणायचं आहे ते एवढंच आहे. प्रेक्षक नाहीत हे कारण म्हणून पुढे करू नका. प्रेक्षक नाहीत, कारण कुणीतरी कधीतरी मैदान दिलं नाही, वेळ दिली नाही, तारीख कळवली नाही. माणसं आपोआप जमत नाहीत आणि आपोआप उठूनही जात नाहीत.

पार्क मैदानावर मुलींना कुठली वेळ मिळते ते मी वहिनीला विचारलं. चार ते साडेपाच. सोलापुरात मे महिन्यात संध्याकाळी चारला काय ऊन असतं ते दादाला मी सांगायला नको. ऊन उतरलं की मुलांच्या क्रिकेटची वेळ सुरू होते. तेव्हा मैदानाभोवती माणसं जमतात, चौपाटीवर जाता जाता थांबतात, भजी खात कुंपणाला टेकतात. चार वाजता कुत्रंसुद्धा बाहेर नसतं. मग विचारायचं, कोण बघायलंय.

इथला एक सामना मी कधी विसरणार नाही. ३० एप्रिल २०२५, बुधवार. ली या गावच्या स्टेडियमवर मँचेस्टर युनायटेड विरुद्ध चेल्सी, दोन्ही बायकांचे संघ. शिफ्ट बदलून घेतली, एम-६ हायवेला नेहमीसारखी रांग, पार्किंग शोधताना पहिली दहा मिनिटं गेली. लीसुद्धा गिरणीचं गाव, तिथली सूतगिरणीची लाल इमारत अजून उभी आहे. माझ्या शेजारी एक सत्तरीच्या बाई बसल्या होत्या, मांडीवर घोंगडी, थर्मास, आणि पलीकडे दहा-अकरा वर्षांची नात. नातीने शिनगार्ड घालूनच सामना बघितला, जणू तिलाच मैदानात बोलावणार होते. बाईंनी सांगितलं, शाळेत असताना त्या मुलांच्यात खेळायच्या, एक दिवस मास्तरांनी सांगितलं आता बस. त्यांना तेव्हा वाटलं की आपलंच काहीतरी चुकलं असेल. बंदी होती हे त्यांना पन्नाशीत टीव्हीवर कळलं.

उत्तरार्धात चेल्सीच्या ल्युसी ब्रॉन्झने हेडरने गोल केला. चेल्सी १-० ने जिंकली. त्याच संध्याकाळी तिकडे आर्सेनल ॲस्टन व्हिलाकडून हरली आणि चेल्सीने सलग सहाव्यांदा इथली महिला लीग जिंकली. पुढे तो हंगाम त्यांनी एकही सामना न हरता संपवला: बावीस सामने, एकोणीस विजय, तीन बरोबरी, साठ गुण. मी युनायटेडकडून ओरडायला गेले होते. शेवटच्या दहा मिनिटांत तोंडून मराठीच बाहेर पडायला लागलं, 'अगं मार की, मार!' बाईंनी वळून बघितलं आणि हसल्या. नातीने पुढच्या हल्ल्याला माझं 'मार की' जसंच्या तसं उचललं. प्रेस्टनमध्ये एकोणीस वर्षांत मी एवढ्या मोठ्याने मराठी कधी बोलले नव्हते. घरात आम्ही हळू बोलतो, भिंती पातळ आहेत.

हे सगळं सांगितलं की दादा म्हणणार, ते इंग्लंड आहे, आपलं काय आहे? म्हणून आपलंच सांगते. आपल्याकडेही महिलांची राष्ट्रीय लीग आहे, इंडियन वूमन्स लीग. तिचा पहिला हंगाम २०१७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिल्लीत झाला. सहा संघ, एकच गाव, आणि व्हॅलेंटाइन डेला अंतिम सामनासुद्धा उरकला. इम्फाळच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने ती जिंकली. त्या सहांमध्ये पुणे होतं. पुढे कोल्हापूरचा संघ या लीगमध्ये खेळला. त्यात मला नवल वाटलं नाही, कोल्हापुरात फुटबॉल तालमींच्या अंगात आहे, शाहू स्टेडियमला तिथे पेठा पेठांची इज्जत पणाला लागते. अनेक वर्षं ही लीग अशीच चालली: सगळे संघ एका गावात न्यायचे, महिनाभरात खेळवायचे, परत पाठवायचे. आज शिलाँग, उद्या लुधियाना, परवा भुवनेश्वर. आपल्या गावात आपला संघ खेळतोय हे बघायची सोयच नव्हती. मग गावाने कुणाला बघायचं होतं? २०२३-२४ पासून पहिल्यांदा घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर सामने सुरू झाले. ओडिशा एफसीने तो हंगाम जिंकला.

२०२४-२५ चा हंगाम मी इथून जमेल तसा पाळला. जानेवारीत सुरू, एप्रिलमध्ये संपला. आठ संघ, प्रत्येकी चौदा सामने. ईस्ट बंगालने जिंकला. कोलकात्यातला एवढा मोठा क्लब, लाल-पिवळ्यासाठी जीव टाकणारी माणसं, पण पुरुषांच्या संघाला २००४ नंतर देशाची लीग जिंकता आलेली नव्हती. एकवीस वर्षांचा तो दुष्काळ बायकांनी संपवला. त्या संघात सौम्या गुगुलोथ आहे, निजामाबादकडची, बंजारा घरातली. निजामाबाद म्हणजे काही लांबचं नाव नाही. आमच्या अर्ध्या गल्लीचे नातेवाईक तेलंगणात आहेत, लग्नाला एसटीने जाऊन येतात. तिथली पोरगी भारताकडून खेळते आणि त्याच जुलैत आपला संघ थायलंडला त्यांच्या घरी २-१ ने हरवून आशिया चषकाला पात्र ठरतो, पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच, संगीता बासफोरच्या दोन गोलांवर. ५ जुलैची गोष्ट. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी काय होतं ते मी मागे जाऊन बघितलं. आषाढी दुसऱ्या दिवशी होती, पंढरपूरची गर्दी, वारीचे फोटो. ते योग्यच आहे, आमच्या जिल्ह्यात त्या दिवशी दुसरं काही नसतंच. पण एक ओळसुद्धा नव्हती. माझीही नव्हती.

आठ संघ आणि चौदा सामने हा आकडा लक्षात ठेव, दादा. इंग्लंडची महिला लीग २०११ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यात आठ संघ होते आणि प्रत्येकाचे चौदा सामने. पहिला सामना चेल्सी विरुद्ध आर्सेनल, लंडनच्या एका लहानशा मैदानावर, अडीच हजारांच्या आसपास माणसं. ज्या चेल्सीसाठी मला आज शिफ्ट बदलावी लागते, तीच चेल्सी. आपण त्यांच्या पहिल्या पायरीवर आहोत आणि तुम्ही सगळे म्हणता बंद करा. क्रिकेटचं तरी काय वेगळं होतं? १९७३ मध्ये पुण्यात बायकांची पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली तेव्हा तीन संघ आले होते. तीन! क्रिकेट मंडळाने बायकांचं क्रिकेट आपल्या पदराखाली घेतलं ते २००६ ला. पुण्यातल्या त्या तीन संघांपासून डी. वाय. पाटीलच्या भरलेल्या गॅलऱ्यांपर्यंत यायला बावन्न वर्षं लागली. आपल्याच माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे आज देश ओळखतो, पण शेवटच्या वर्षी फटाके लावणारे सगळे, पहिल्या वर्षी कुंपणाला टेकणारं कोण होतं?

पैशाच्या मुद्द्यावर मात्र दादाचं खरं आहे. चौदा सामन्यांवर कुणाचं वर्ष निघत नाही. २०२३ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने क्लबांना सांगितलं की किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला निदान ३.२ लाख तरी द्या. म्हणजे महिन्याला साधारण सव्वीस-सत्तावीस हजार. राष्ट्रीय लीगच्या खेळाडूसाठी ही खालची रेघ ठरवून द्यावी लागते यातच सगळं आलं. दहावी महत्त्वाची आहे, मी कुठे नाही म्हणते. दहावी झाली म्हणूनच मी इथे आहे. पण दादा भाचीला दहावीसाठी थांबवत नाहीये. दहावीचा मुद्दा त्याने पहिला मांडला आणि दोन मिनिटांत सोडून दिला. त्याला खरं बोलायचं होतं ते नंतर आलं.

गावाला हवं असलं की गाव काय करतं ते मला माहीत आहे. विमान उतरावं म्हणून साखर कारखान्याची एवढी मोठी चिमणी २०२३ मध्ये पाडली, त्यावर किती वर्षं भांडणं, मोर्चे, कोर्ट. आता विमानं सुरू झाली, दादा मला तिकिटांचे दर पाठवतो. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणारं गाव विमानाची वाट बघू शकतं, तर पोरींना संध्याकाळी साडेपाचची वेळ देऊ शकत नाही? मैदानावर गवत नको, पाणी नको, फक्त वेळ बदलून हवी आहे.

एवढं लिहून विषय संपला असता तर बरं झालं असतं. पण मध्येच एका रविवारी दादाने मला एक बातमी पाठवली. इथलीच, माझ्या दारातली. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा शेजारच्या गावचा क्लब, इथून गाडीने वीस मिनिटं. मे २०२५ मध्ये त्यांनी आपला महिला संघ दुसऱ्या दर्जाच्या लीगमधून काढून घेतला, नव्या अटींचा खर्च करायचा नाही म्हणून. आणि त्या क्लबचे मालक २०१० पासून आपल्या पुण्याचे, कोंबड्यांच्या धंद्यातलं मोठं नाव, व्यंकीज. खाली दादाने लिहिलं होतं: 'बघ. तिथंपण तेच. आणि आपलीच माणसं.'

मला ही बातमी मे महिन्यातच माहीत होती. मी ती ग्रुपवर टाकली नाही. जसं मी हेही सांगितलं नाही की युनायटेडच्या सरावाच्या जागी पुरुषांच्या इमारतीचं काम निघालं तेव्हा बायकांची इमारत पुरुषांना दिली आणि बायकांना तात्पुरत्या खोल्यांमध्ये हलवलं. ज्या हंगामाचं मी एवढं कौतुक केलं, त्याच हंगामात. आणि त्या हंगामात मैदानावरची गर्दी आदल्या वर्षापेक्षा कमी झाली होती, हेही नाही सांगितलं. घरच्यांना इथलं सांगताना मी नेहमी चांगलंच निवडते. आईला काळजी नको म्हणून सुरुवात केली होती, आता सवयच लागली आहे. आणि इथे वॉर्डात कुणी सोलापूर विचारलं की सिद्धेश्वर तलाव, गड्ड्याची जत्रा, शेंगाची चटणी, चादरी. चार-पाच दिवसांआडचा नळ मी कुणाला सांगत नाही.

ब्लॅकबर्नची ती बातमी आली त्या आठवड्यात वॉर्डातली एक जण, ब्लॅकबर्नचीच, चहाच्या खोलीत मला म्हणाली, तुमच्या लोकांनी आमच्या पोरींचा संघ घालवला. रागाने नव्हती म्हणाली, वैतागून म्हणाली. मी म्हणाले, ते पुण्याचे आहेत, मी सोलापूरची. तिला त्यात काय फरक असावा ते कळलं नाही आणि मला सांगता आलं नाही. माझ्या कराच्या पावतीवर लँकेशायर लिहिलेलं असतं, युनायटेडच्या सामन्याला मी माझ्या पैशाने जाते, आणि तरी संघ बुडाला तेव्हा मी 'तुमचे लोक' झाले. तिकडे दादा म्हणतो, तिथं बसून. इकडे ही म्हणते, तुमची माणसं. दोघांनाही मी उत्तर दिलं नाही.

दादाने त्या बातमीखाली आणखी एक प्रश्न विचारला होता. त्याचंच उत्तर द्यायचं मी टाळत होते. 'तुझी पोरगी खेळायची ना? तिचं काय झालं?'

माझी लेक नऊ वर्षांची असल्यापासून इथल्या एका क्लबात खेळायची. दर रविवारी सकाळी सामना. नवरा तेव्हा ग्लासगोला असायचा, म्हणून मीच न्यायचे. मैदानाच्या कडेला आई-बाप छत्र्या घेऊन उभे राहायचे, पावसात, वाऱ्यात, ओरडायचे, संत्र्याच्या फोडी वाटायचे. मी गाडीत बसायचे. हीटर लावून. पाच दिवसांच्या ड्यूटीनंतर त्या थंडीत उभं राहायची ताकद नसायची हे खरं, पण तेवढंच खरं नाही. त्या बायकांमध्ये जाऊन काय बोलायचं ते मला सुचायचं नाही. मी फोनवर पुढच्या आठवड्याच्या ड्यूटीचा रोटा बघायचे, सोलापूरला फोन लावायचे. आईशी माझं सगळ्यात निवांत बोलणं त्या गाडीत झालं आहे.

एकदा लेक धावत गाडीपाशी आली. काचा वाफेने भरलेल्या होत्या. तिने बाहेरून हाताने काच पुसली, पण वाफ आतून होती. मी काच खाली केली. गुडघ्यापर्यंत चिखल, तोंड लाल. 'पाहिलंस?' म्हणाली. मी म्हणाले, हो, मस्त मारलास. तिने काय मारलं होतं ते मला आजतागायत माहीत नाही. गोल होता की नुसता फटका होता. तिला माझ्याकडे बघून कळलं की नाही तेही मला माहीत नाही. तेराव्या वर्षी तिने खेळ सोडला. मी थांबवलं नाही. रविवारी सकाळी गणिताची शिकवणी लावता येईल म्हणून मला हायसं वाटलं आणि ते मी तिला बोलूनही दाखवलं. आता ती लीड्सला शिकते, दुसऱ्या वर्षाला आहे.

मी स्वतः नववीपर्यंत खो-खो खेळले. घरून कधी कुणी बघायला आलं नाही, तशी पद्धतच नव्हती. एकदाच आजोबा आले. पहिली पाळी सुटल्यावर थेट आले असावेत, केसात कापसाचा भुगा तसाच होता. शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे उभे राहिले, आत आले नाहीत. दादा सायकल धरून त्यांच्या शेजारी होता. त्या दिवशी मी खांबापासून खांबापर्यंत कशी पळाले ते माझ्या पायांना अजून आठवतं. रात्री जेवताना आजोबा त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, फक्त माझ्या ताटात गुळाचा खडा जास्तीचा ठेवला. मी दादाला परवा विचारलं, आठवतं का तुला? तो म्हणाला, नाही बा. नसेल आठवत. सायकल धरून उभं राहायचं काम होतं त्याचं.

मी दादाला लेकीचं सगळं खरं लिहून पाठवलं. ग्रुपवर नाही, त्याला एकट्याला. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर आलं नाही.

मग मी मला जमतं ते केलं. माळ्यावरून लेकीचे जुने बूट काढले, पुसले, वर्तमानपत्र कोंबलं. हडपसरला जाणाऱ्या एका ओळखीच्या मुलाबरोबर पाठवले, तिथून बसने सोलापूर. आठवड्याने भाचीचा फोन आला. पाच नंबर अगदी बरोबर बसला, म्हणाली. मग जरा घुटमळली. 'आत्या, पण हे इकडं नाही चालायचे. ह्याचे स्टड लांब हायेत, लोखंडाचे. चिखलाचे हायेत हे. आपली माती कडक आहे ना, पाय मुरगळतो.' प्रेस्टनच्या मऊ मैदानाचे बूट मी पार्क मैदानासाठी पाठवले होते. ज्या मातीत मी सोळा वर्षं पळाले तिची जात मी विसरले. ती मात्र लगेच म्हणाली, 'राहू देत, घरात ठेवीन मी, छान आहेत.' कुणाचं मन मोडू नये हे तिला कुणी शिकवलं असेल ते मला माहीत आहे.

शनिवारी तिचा सराव सामना आहे, शेजारच्या जिल्ह्याशी, पार्क मैदानावर. काल ग्रुपवर आईने विचारलं, कोण जाणार आहे पोरीबरोबर? बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग वहिनीचा मेसेज आला. ती या ग्रुपवर आल्यापासूनचा पहिला असावा. 'मी जाणार. ताई, तुम्हाला व्हिडिओ कॉल लावते, बघा.'

सामना सकाळी आठला आहे, ऊन चढायच्या आत. इथे तेव्हा रात्रीचे अडीच वाजलेले असतील. लेकीला कळवलं. ती म्हणाली, मलाही कॉलवर घे.